परसातील वेलभाज्या आणि फळमाशी

आषाढ सरत आला की गोव्यातील खेड्यापाड्यांत घरोघरचे मांडव वेलींनी झाकून जातात. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर टोकलेल्या बियांचे वेल तोवर काठ्यांवरून वर चढलेले असतात. दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, तवशे, चिबूड, भोपळा ही सारी मंडळी एकाच परसात दाटीवाटीने नांदत असतात. या भाज्यांवर पावसाळ्याचे चार महिने घर चालते, हा एक भाग झाला. दुसरा भाग गणेशचतुर्थीचा. गणरायाच्या मूर्तीवर बांधलेल्या लाकडी चौकटीला रानातील आणि परसातील फळे, फुले, भाज्या टांगून जी माटोळी सजविली जाते, तिच्यात आपल्या वेलीचे तवशे, आपल्या मांडवाचे पडवळ असावे, ही प्रत्येक घराची हौस असते. चतुर्थीपूर्वीच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला किंवा तालुक्याच्या बाजारात भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या भगिनींना सणाचा खर्च त्या टोपलीतूनच भागवावयाचा असतो. सबब, या मांडवावरील एकेक फळ वाचविणे हा केवळ बागकामाच्या हौसेचा प्रश्न नव्हे.

आणि नेमके याच सुमारास फळे बिघडू लागतात. बोटाएवढे कारले एका बाजूने वाकडे होते, त्यावर सुईने टोचल्यासारखा ठिपका दिसतो, ठिपक्यातून डिंकासारखा चिकट थेंब येऊन वाळतो. चार-सहा दिवसांत फळ पिवळे पडते, पाणी सुटून मऊ होते आणि गळून पडते. चिरून पाहावे तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. दोडका व तवशे यांची अवस्था याहून वेगळी नसते. दुधी आणि भोपळा कधी कधी टिकाव धरतात, परंतु अंगाने वेडेवाकडे होतात.

याची कारणे विचारली असता नाना प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी म्हणते, पाऊस जास्त झाला की फळात किडे पडतात. कोणी म्हणते, बी जुने होते. कोणी मांडवावर काळे मडके चुन्याचे ठिपके देऊन टांगते. मडके टांगण्याने कोणाचे नुकसान होत नाही. मात्र तेवढ्यावर विसंबून राहिले तर फळांचे होते. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कलाशाखेचे असल्याने त्यालाही कित्येक वर्षे असेच वाटत असे की, ओलसर हवेत कुजण्याबरोबर अळ्या आपोआप उत्पन्न होतात. हा समज फार जुना आहे. इ.स. १६६८ मध्ये इटलीतील फ्रान्सिस्को रेडी नावाच्या वैद्याने तो एका साध्या प्रयोगाने खोडून काढला. त्याने मांसाचे तुकडे काही भांड्यांत उघडे ठेवले आणि काही भांड्यांची तोंडे विरळ कापडाने बांधली. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या. झाकलेल्यांत झाल्या नाहीत, कारण माशीला आत अंडी घालता आली नाहीत. आपल्या मांडवाखालचे सारे उत्तर या प्रयोगात बीजरूपाने आलेले आहे. अळी फळात उपजत नाही. ती बाहेरून घातली जाते. ज्या फळापर्यंत माशी पोहोचली नाही, त्या फळात अळी नाही.

ही माशी म्हणजे वेलभाज्यांवरील फळमाशी. घरात घोंगावणाऱ्या माशीशी तिचा संबंध नाही. लांबी सहा ते आठ मिलिमीटर, अंगाचा रंग तांबूस तपकिरी, त्यावर पिवळे पट्टे, पारदर्शक पंखांच्या वरच्या कडेला तपकिरी रेघ आणि टोकाशी ठिपका. एकंदरीत पाहता ती लहानशा गांधीलमाशीसारखी दिसते, आणि म्हणूनच पुष्कळांना ती गुन्हेगार वाटत नाही. शिक्षक बंधू-भगिनींना जुन्या पुस्तकांत तिचे शास्त्रीय नाव डॅकस कुकुरबिटी, नंतरच्यांत बॅक्ट्रोसेरा कुकुरबिटी आणि अलीकडे झ्यूगोडॅकस कुकुरबिटी असे आढळेल. तिन्ही नावे एकाच कीटकाची आहेत. शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद १८९९ मध्ये हवाई बेटांवरील नमुन्यांवरून झाली असली, तरी ती मूळची आपल्या आशिया खंडातील. हवाईला ती येथूनच गेलेली पाहुणी होय.

दिवसा कडक उन्हाच्या वेळी ती वेलीवर क्वचितच सापडते. आजूबाजूच्या रुंद पानांच्या झाडाझुडपांत, मक्याच्या ताटांत, एरंडाच्या सावलीत ती विसावा घेते. सकाळी आणि तिन्हीसांजेला फळांकडे येते. मादीच्या पोटाच्या टोकाशी सुईसारखी नळी असते. ती नळी कोवळ्या फळाच्या सालीत खुपसून ती आत अंडी घालते. एका मादीकडून आयुष्यात काहीशे अंडी घातली जातात. पावसाळी उबदार हवेत एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि साधारण आठवडाभर गर खाऊन पुष्ट होते. यापुढची गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

फोंडा तालुक्यातील एका वाड्यावर काही वर्षांपूर्वी प्रसिद्धीच्या कामासाठी जाणे झाले होते. तेथील एका वृद्ध काकींच्या मांडवावर कारली निरोगी लोंबत होती, आणि शेजारच्या मांडवाखाली कुजक्या फळांचा सडा पडला होता. मी आपले पत्रकातील वाक्य म्हणून दाखविले की, फळातील अळीचे नियंत्रण केले पाहिजे. काकी हसून म्हणाल्या, “भाऊ, फळात ती जेवते. निजते मातीत. निजलेलीला उठू द्यायचं नाही.” खात्याची पत्रके लिहिणाऱ्याला एवढे नेमके वाक्य क्वचितच साधते. पूर्ण वाढ झालेली अळी फळातून बाहेर पडते, उड्या मारीत जमिनीवर सरकते आणि मातीत शिरून कोष करते. हा कोष गव्हाच्या दाण्यासारखा, तपकिरी रंगाचा असून बहुधा वरच्या काही सेंटिमीटर मातीतच असतो. पावसाळ्यात आठवडा-दीड आठवड्यात त्यातून नवी माशी निघते, आणि पुढे सुमारे दहा-बारा दिवसांनी तीही अंडी घालावयास सिद्ध होते. अशा रीतीने एक पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होते.

याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावा. समजा, आषाढात एक किडके कारले मांडवाखाली पडले आणि त्यातून केवळ वीस माशा निघाल्या. त्यांतील दहा माद्या धरल्या आणि प्रत्येकीची अवघी वीस पिल्ले जगली असे मानले, तरी पुढच्या पिढीत दोनशे माशा होतात. आषाढ ते भाद्रपद या अवधीत अशा दोन पिढ्या सहज होतात. म्हणजे चतुर्थीच्या पंधरवड्यात फळांवर जो घाला पडतो, त्याची तयारी दीड-दोन महिन्यांपूर्वी आपल्याच हातून झालेली असते. कारण किडके फळ आपण काय करतो? वेलीवरून तोडून तेथेच खाली टाकतो, कुंपणापलीकडे भिरकावतो, किंवा शेणखताच्या खड्ड्यात लोटतो. यांपैकी प्रत्येक ठिकाण अळीला कोष करण्यासाठी अगदी सोयीचे आहे. खताचा खड्डा तर उबदार, मऊ आणि पाण्यापासून आडोशाचा. तेथे फळ टाकणे म्हणजे माशीचे पाळणाघर चालविणे होय.

म्हणून पहिले काम फवाऱ्याचे नाही, टोपलीचे आहे. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी मांडवाखाली फिरून गळलेली व वेलीवर टोचलेली सर्व फळे वेचावीत. फळ मऊ होऊन गळेपर्यंत थांबू नये, कारण तोपर्यंत अळ्या बाहेर पडून मातीत गेलेल्या असतात. डिंकाचा थेंब दिसला की त्याच दिवशी फळ काढावे. वेचलेली फळे दीड फूट खोल खड्ड्यात टाकून वर माती घट्ट दाबावी. एवढ्या खोलीवरून माशी वर येऊ शकत नाही, हे हवाई बेटांवरील प्रयोगांत दिसून आले आहे; चार बोटे मातीखाली पुरलेले फळ मात्र न पुरल्यासारखेच. कातळावरच्या घरांना दीड फूट खणणे दुरापास्त असते, हे मान्य. अशा वेळी रासायनिक खताची रिकामी जाड पिशवी, फाटलेली नसेल तर, उपयोगी पडते. फळे तीत भरून तोंड घट्ट बांधावे आणि आतील सर्व वस्तू पार सडून जाईपर्यंत, निदान तीन आठवडे, उघडू नये. गुरे असतील तर फळे चांगली उकळून आंबोणात घालता येतात. मांडवाखालची माती अधूनमधून खुरप्याने वरवर हलवावी आणि कोंबड्यांना तेथे मोकळे सोडावे. उकरण्याचे काम त्या आपल्याहून मन लावून करतात. वेल संपल्यावर, पाऊस उघडताच, ती जागा एकदा नांगरून किंवा कुदळून उन्हात तापू द्यावी.

दुसरा उपाय झाकण्याचा. या बाबतीत एक परदेशी उदाहरण उद्बोधक आहे. युरोपात गाजराच्या पिकाला एका बारीक काळ्या माशीचा फार उपद्रव होतो. ती गाजराच्या मुळाशी मातीत अंडी घालते आणि अळ्या गाजर पोखरतात. तेथील घरगुती बागवान पेरणी होताच संपूर्ण वाफ्यावर बारीक जाळी ताणून तिच्या कडा मातीत पुरतात. ही माशी जमिनीलगत उडत असल्यामुळे कोणी वाफ्याभोवती दोन फूट उंचीचा आडोसाच उभा करतात. गाजराचे आपण मूळ खातो. त्याला फूल फळण्याची गरज नसते, म्हणून वाफा पहिल्या दिवसापासून बंद ठेवला तरी चालते. आपल्या वेलभाज्यांचे तसे नाही. त्यांची नर-फुले वेगळी, मादी-फुले वेगळी. नर-फुलातील पराग मधमाशीने किंवा अन्य कीटकाने मादी-फुलावर नेला तरच फळ धरते. संपूर्ण मांडव जाळीने बंद केला तर फळमाशीबरोबर मधमाशीही बाहेर राहील आणि मांडवाला नुसती पानेच पाने येतील. सबब आपल्याला एकेक फळ स्वतंत्रपणे झाकावे लागते, आणि तेही योग्य वेळी.

ती वेळ कोणती, हे नीट समजून घेतले पाहिजे. मादी-फुलाच्या देठाशी सुरुवातीपासूनच इवलेसे फळ असते. नर-फुलाचा देठ नुसता बारीक असतो. मादी-फूल उमलून त्याच्या पाकळ्या सुकल्या आणि मागचे फळ फुगू लागले की परागीभवन झाले असे समजावे. कारल्याचे फळ एक-दीड इंच लांब झाले की लगेच पिशवी चढवावी. याहून उशीर केल्यास माशी आधीच येऊन गेलेली असते आणि आपण तिच्या अंड्यांनाच संरक्षण देतो. याहून घाई केल्यास फळ धरतच नाही. सर्व फळे एकाच दिवशी झाकण्याजोगी होत नसल्याने हे काम दोन-तीन दिवसांआड थोडे थोडे करीत राहावे लागते. किडकी फळे वेचण्याच्या फेरीतच ते उरकते.

पिशवी कशाची असावी? कोरड्या हंगामात वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदाची पिशवी उत्तम आणि फुकट. आपल्या पावसात मात्र कागद दोन दिवसांत लगदा होतो. पावसाळ्यासाठी जुन्या पातळ धोतराच्या, लुगड्याच्या किंवा मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवून ठेवाव्यात. त्या धुऊन-वाळवून दोन-तीन वर्षे वापरता येतात. प्लास्टिकची पिशवी बांधू नये, आत घाम साचून फळ कुजते. पिशवी सैल असावी, ही सूचना मी मुद्दाम देत आहे. जाळीचे कापड फळाला चिकटून राहिले तर माशी बाहेर बसून जाळीच्या भोकातून नळी खुपसते, आणि झाकलेले फळ किडले म्हणून आपण उपायालाच दोष देतो. देठाशी सुतळीने हलकी गाठ मारावी. खालचे टोक बंद असले तरी कापडातून पाणी निथळून जाईल एवढे ते विरळ असावे. पडवळाला लांब बाहीसारखी पिशवी लागते. ते सरळ वाढावे म्हणून टोकाला दगड बांधण्याची आपली जुनी पद्धत आहे. तो दगड बाहीच्या आतच राहू द्यावा. दोनशे फळांच्या मळ्यात हे काम जिकिरीचे आहे, हे खरे. परंतु आठ-दहा वेलींच्या परसात ते घरातील मुले शाळेतून आल्यावर करू शकतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. बोटाएवढे फळ पिवळे पडून गळाले की तो माशीचाच प्रताप, असे सरसकट मानले जाते. आषाढातील झडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, पराग भिजून जातो आणि परागीभवनाअभावी कोवळी फळे पिवळी पडून गळतात. अशा फळावर टोचल्याची खूण नसते, चिरल्यास अळी नसते. म्हणून निदान करण्यापूर्वी फळ चिरून पाहावे. दोष परागीभवनाचा असेल तर पाऊस थांबलेला पाहून, ताजे नर-फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून त्यातील पराग मादी-फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. कारले, तवशे, भोपळा, घोसाळे यांची फुले सकाळी उमललेली असतात. दोडका, दुधी आणि पडवळ यांची सायंकाळी उमलतात. ज्याची जी वेळ, तेव्हाच हे काम साधते.

तिसरा उपाय सापळ्याचा, आणि त्याच्याविषयी बाजारात बराच गोंधळ आहे. क्यू-ल्यूर नावाचे एक गंधद्रव्य आहे. त्याच्या वासाने वेलभाज्यांवरील माशीचे नर आकृष्ट होतात. या द्रव्यात भिजविलेली लाकडी वडी प्लास्टिकच्या डब्यात टांगून सापळा तयार होतो. आंब्यावरील फळमाशी निराळी, आणि तिच्या नरांना ओढून घेणारे द्रव्यही निराळे. त्याचे नाव मिथाइल युजेनॉल. हे द्रव्य आपल्या तुळशीतही असते. दोन्ही सापळे दिसावयास सारखेच. मी स्वतः एकदा दुकानातून “फळमाशीचा सापळा” एवढेच सांगून आणलेला डबा कारल्याच्या मांडवाजवळ टांगला होता. आठवड्यात तो माशांनी भरला आणि मी समाधान पावलो; कारली मात्र एकजात किडली. डब्यात पडल्या होत्या त्या आंब्याच्या माशा. तेव्हा सापळा घेताना पाकिटावरील द्रव्याचे नाव वाचावे आणि वेलभाज्यांसाठी क्यू-ल्यूरच मागून घ्यावे.

योग्य सापळा लावला तरी त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. त्यात केवळ नर पडतात. अंडी घालणारी मादी त्याकडे फिरकत नाही. सभोवतालचे नर पुष्कळ प्रमाणात कमी झाले तर माद्या वांझ राहतात, हे तत्त्व खरे. परंतु एका परसात एक डबा टांगल्याने ते साधत नाही, कारण मिलन होऊन आलेल्या माद्या शेजारून उडत येतात. शेतावर एकरी सुमारे दहा सापळ्यांची शिफारस करतात. परसासाठी एक-दोन पुरेत, आणि ते मांडवाच्या आत न टांगता कडेला, सावलीत, चार-पाच फूट उंचीवर टांगावेत. तारेला थोडे ग्रीस लावले नाही तर मेलेल्या माशा मुंग्या ओढून नेतात आणि सापळा रिकामा पाहून आपली समजूत होते की माशीच नाही. लहान परसात सापळ्याचा खरा उपयोग इशाऱ्यासारखा आहे. आषाढात डब्यात पहिल्या माशा दिसल्या की पिशव्या बाहेर काढाव्यात.

मादीला पकडावयाचे तर तिच्या भुकेचा विचार करावा लागतो. अंडी पक्व होण्यासाठी तिला प्रथिनयुक्त अन्न लागते. म्हणून आंबलेले, कुजलेले पदार्थ तिला ओढून घेतात. दक्षिणेकडील काही कृषी-शिफारशींत सुक्या मासळीच्या ओल्या कुटीचा सापळा सांगितलेला आहे. गोव्याच्या घरात हा माल दुर्मीळ नाही. प्लास्टिकच्या बाटलीला वरच्या भागात चार-सहा बारीक भोके पाडून तळाशी गुळाचे पाणी, पिकलेल्या केळ्याचा गर आणि साबणाचे थोडे पाणी घालून ठेवले, किंवा मासळीची कूट वापरली, तर काही माद्या अडकतात. दर आठवड्याला मिश्रण बदलावे लागते. वास घराकडे येणार नाही अशा बेताने बाटली टांगावी; मासळीच्या बाबतीत मांजराचाही विचार करावा. हा उपाय पूरक आहे. वेचणे आणि झाकणे सोडून केवळ बाटल्या टांगणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल.

फवारणीविषयी थोडक्यात सांगतो. अळी फळाच्या आत आणि कोष मातीत असल्यामुळे वेलीवर फवारलेले औषध या दोहोंना लागत नाही. आणि जी भाजी दोन-तीन दिवसांआड तोडून खावयाची, तिच्यावर विष फवारणे हिताचेही नव्हे. कित्येक घरांत जुनी पत्रके जपून ठेवलेली असतात, त्यांत गुळाच्या आमिषात किंवा सापळ्यात डायक्लोरव्हॉस घालण्यास सांगितलेले आढळेल. या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंदी आहे. कपाटात जुनी बाटली उरली असेल तर ती वापरू नये. मोठ्या क्षेत्रावरील लागवडीसाठी औषधाची गरज भासलीच, तर आपल्या भागातील विभागीय कृषी कार्यालयात त्या वेळी मान्य असलेल्या औषधांची चौकशी करून मगच निर्णय घ्यावा.

फवारणी टाळण्याचे आणखी एक कारण आहे. या माशीला निसर्गात एक वैरी आहे. मुंगीएवढी एक इवली गांधीलमाशी फळातील अळीच्या अंगात आपले अंडे घालते. पुढे कोषातून फळमाशीऐवजी तीच बाहेर पडते. हवाई बेटांवर वेलभाज्यांचे पीक बुडू लागले तेव्हा १९१६ मध्ये ही उपकारक जात भारतातून नेऊन तेथे सोडण्यात आली. जे आपल्या परसात फुकट वावरते, ते इतरांनी समुद्रापार नेले. अलीकडे त्याच बेटांवर किडकी फळे जाळीच्या तंबूत भरून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. जाळीची भोके अशी की फळमाशी आत कोंडली जावी आणि ही उपकारक माशी मात्र बाहेर पडावी.

आता शेजाऱ्यांविषयी. माशी कुंपण मानीत नाही. एका घराने फळे वेचली आणि दहा घरांनी सडू दिली, तर वेचणाऱ्याचे श्रम बरेचसे वाया जातात. जपानने ओकिनावा व आसपासच्या बेटांवरून ही माशी समूळ नष्ट केली, ती नरांना प्रयोगशाळेत वांझ करून कोट्यवधींच्या संख्येने आकाशातून सोडून. १९७२ मध्ये कुमे या एका बेटापासून काम सुरू झाले, १९७८ मध्ये ते बेट मुक्त झाले आणि १९९३ मध्ये अखेरचे बेट. वीस वर्षे एका राष्ट्राने चिकाटी धरली, आणि समुद्राने वेढलेली बेटे असल्यामुळे बाहेरून नवी माशी सहजी आली नाही. आपला वाडा बेट नाही, आणि समूळ नाशाची भाषा आपण करू नये. पण ज्या वाड्याच्या चहूबाजूंना भाताची शेते वा रान आहे, तो वाडा काही अंशी बेटासारखाच असतो. अशा वाड्यातील सर्व घरांनी आषाढाच्या प्रारंभापासून ठराविक वारी फळे वेचून एकाच खोल खड्ड्यात पुरली, तर श्रावणात फरक दिसून येतो. खड्डा खणण्याचे काम पंचायतीने किंवा स्वयंसाहाय्य गटाने अंगावर घ्यावे. एका गड्याचे ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. ग्रामसेवकांनी व कृषी अधिकाऱ्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत मांडावयाची ती मे महिन्यात, बियाणे निघण्यापूर्वी. चतुर्थीच्या तोंडावर दिलेला सल्ला लोक ऐकून घेतात, एवढेच.

शाळांतून रेडीचा प्रयोग थोड्या फरकाने करता येईल. काचेच्या दोन बरण्यांत तळाशी चार बोटे ओलसर माती घालावी. एकीत डिंकाचा थेंब आलेले कारले ठेवावे, दुसरीत पिशवीत वाढलेले निर्दोष कारले. दोन्हींची तोंडे पातळ कापडाने बांधून वर्गाच्या खिडकीत, सावलीत ठेवावीत. पहिल्या आठवड्यात मुलांना पहिल्या बरणीच्या काचेलगत मातीत शिरणाऱ्या अळ्या दिसतील. दोन-तीन आठवड्यांत कापडाखाली माशा. कधी त्यांच्यात ती उपकारक गांधीलमाशीही असेल. तिला बाहेर सोडून द्यावे आणि फळमाश्यांची बरणी उकळत्या पाण्यात रिती करावी. दुसरे कारले कुजेल, पण त्याच्या बरणीत या माशा निघणार नाहीत. मुलांनी तारीखवार नोंद ठेवून ती घरी वाचून दाखविली तर उत्तम.

शेवटी बियाण्याच्या फळांविषयी. पुढील सालासाठी म्हणून एक-दोन कारली, एखादे तवशे, एखादा दोडका वेलीवर पिकू देण्याची आपली रीत आहे. घरचे बी राखणाऱ्या आणि शेजारणींना वाटणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांमुळेच गावोगावच्या जुन्या जाती आजवर टिकल्या आहेत. परंतु वेलीवर सर्वांत अधिक काळ राहणारे फळ हेच असल्यामुळे माशीचा सर्वांत मोठा वाटाही त्याच फळाचा असतो, आणि इतर सारी फळे काढून झाल्यावर तिची शेवटची पिढी त्यातूनच मातीत उतरते. म्हणून पिशव्या अपुऱ्या पडल्या तर खाण्याची फळे थोडी कोवळी तोडावीत आणि पहिली पिशवी बियाण्याच्या फळाला घालावी.